वेल्डिंगची शेड बंद झाली ते वर्ष

शेड बंद होणार हे रोंडा नेपियरला शाळेने सांगितलंच नाही. मे महिन्यात एका सकाळी ती वर्गात शिरली, तर एक अनोळखी माणूस टेप घेऊन भिंती मोजत होता. कुठल्या कामासाठी, असं तिने विचारलं. तो म्हणाला, इथे फौजी कवायत शिकणाऱ्या कॅडेट्सची खोली व्हायची आहे, झेंडे कुठे लावायचे ते बघतोय.

बावीस वर्षं तिने त्या शेडमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवलं होतं. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात रेव्हन फोर्कची शाळा एकच, आणि त्या शाळेत हाताला काम शिकवणारी जागाही एकच. तिथून बाहेर पडलेली पोरं खाणीत गेली, खाणी बंद पडल्यावर पुलांच्या कामावर गेली, काही ओहायोच्या कारखान्यांत गेली. रोंडाचं बोलणं तिखट आणि डावा कान अधू. वर्गात पोरं डावीकडून हळूच काही बोलली, तर ती सबंध वळायची आणि म्हणायची, "उजवीकडे येऊन शिवी दे, म्हणजे नीट ऐकू येईल."

कान फौजेत गेला होता. एकोणिसाव्या वर्षी, बापाची खाण बंद झाल्यावर, तिने सही केली होती. पुढे आखातातल्या लढाईत ट्रक दुरुस्त केले आणि वेल्डिंग शिकली तीही तिथेच. त्यामुळे फौजेचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांतली ती नव्हती, आणि छाती फुगवणाऱ्यांतलीही नव्हती. पोरांनी विचारलं तर सांगायची, जेवण बरं होतं, झोप कमी होती, आणि वरचा माणूस मूर्ख निघाला तर पळून जायला जागा नव्हती.

तर ती तडक मुख्याध्यापक टेरी कॉडिल यांच्या खोलीत गेली. त्यांनी पुष्कळ वेळ गोल गोल बोलून शेवटी सांगितलं ते एवढंच की, शेडचा खर्च शाळेला झेपत नाही. कॅडेटचा वर्ग घेतला तर शिकवणाऱ्याचा अर्धा पगार सरकार देतं, गणवेश देतं, वर बंदुकासुद्धा देतं. रोंडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने विचारलं, गॅसच्या चार टाक्या द्यायला याच सरकारचा हात आखडतो तो का?

ऑगस्टमध्ये शाळा उघडली, तेव्हा शेडच्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. नववीच्या सगळ्या पोरांच्या वेळापत्रकात कॅडेटचा तास आपोआप पडला होता, कुणाला विचारलं नव्हतं. रोंडाला जेवणघरावर देखरेखीचं काम दिलं. हातात वेल्डिंगची बंदूक धरणाऱ्या बाईने आता पोरांनी ट्रे जागेवर ठेवले की नाही ते बघायचं.

आणि दर मंगळवारी तिथे फौजेचा भरतीवाला, सार्जंट प्रुइट यायचा. तिशीचा, गोरागोमटा, इस्त्री अशी की कडेने भाजी चिरावी. दाराशी टेबल लावायचा, त्यावर पेन, बाटल्या, टी-शर्ट. जोर काढायची शर्यत लावायचा. पोरांना तो आवडायचा, हे रोंडालाही नाकारता यायचं नाही. तो त्यांची नावं लक्षात ठेवायचा, आजारी आईची चौकशी करायचा. काही पोरं टी-शर्टपुरती जायची. काहींच्या घरात आजोबापासून सगळे फौजेतले, त्यांना दुसरं काही सुचायचंच नाही. एक पोरगा एकदा ट्रे ठेवता ठेवता रोंडाला म्हणाला होता, लढाईची भीती नाही वाटत मिस रोंडा, इथेच राहायची वाटते.

रोंडाची बहीण लेक्सिंग्टनला राहायची. तिचा मुलगा ज्या शाळेत होता, तिथे भरतीवाला वर्षातून दोनदा यायचा आणि पोरं त्याच्या टेबलाला वळसा घालून जायची. तिथे कॉलेजांची माणसं रांग लावून यायची. ते आठवलं की रोंडाला घास गिळवत नसे. तिकडच्या पोरांना विचारतात, काय व्हायचंय? आमच्या पोरांना विचारतात, उंची किती, वजन किती?

केन्ना ब्रूअर ही तिची शेवटच्या तुकडीतली पोर. सतरा वर्षांची, अबोल, आणि हात असा स्थिर की तिने घातलेला वेल्डिंगचा टाका यंत्राने घातल्यासारखा दिसे. शेवटचं वर्ष वेल्डिंगचं प्रमाणपत्र मिळवायचं, तेच हुकलं होतं. ऑक्टोबरमध्ये ती जेवणघरात रोंडापाशी आली आणि म्हणाली, मी सही केली, अठरा पुरी नाहीत म्हणून डॅडींनीही केली. शाळा संपली की जायचं.

"काम कोणतं?" रोंडाने विचारलं.

"वेल्डिंग. सार्जंट म्हणाला."

"म्हणाला की लिहिलं?"

केन्नाला फरक कळला नाही. शाळा सुटल्यावर रोंडाने आपल्या ट्रकच्या बॉनेटवर ते कागद पसरले आणि चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. वेल्डिंगचा शब्द कुठेही नव्हता. कामाच्या जागी लिहिलं होतं, फौजेच्या गरजेनुसार. म्हणजे बटाटे सोलायला लावलं तरी तक्रार नाही.

ती पोरीला जाऊ नकोस म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की, त्याला फोन कर आणि काम लिहून माग. केन्नाने केला. प्रुइट हसला, म्हणाला, तिकडे गेल्यावर बघू, सगळं होतं. मग तिने चाचरत विचारलं, नाही गेले तर? तेव्हा त्याचा आवाज बदलला. सही करून मागे फिरणं हा गुन्हा आहे, पोलीस घरी येतील, आयुष्यात कुठे नोकरी मिळणार नाही, असं त्याने तिला ऐकवलं. आठवडाभर पोर धड जेवली नाही.

हे कळलं त्या दुपारी रोंडाने हातातला ट्रे टेबलावर आपटला. तिला नियम ठाऊक होता. प्रशिक्षणाला निघेपर्यंत मन बदलायचा हक्क असतो, एक साधं पत्र पुरतं. केन्नाला तिने घरी नेलं, समोर घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव ठेवला, आणि खाऊन झाल्यावर स्वयंपाकघरातच पत्र लिहायला बसवलं. पत्र चार ओळींचं झालं. पोच पावतीने पाठवलं.

दोन दिवसांनी केन्नाचा बाप रोंडाच्या दाराशी उभा. हरशेल ब्रूअर, चौदा वर्षं खाणीत काढलेला, धुळीने फुप्फुसं गेलेला. चार पायऱ्या चढून त्याला कठड्याला धरून उभं राहावं लागलं. प्रुइट त्याच्या घरी जाऊन तासभर बसला होता.

"तू गेलीस ना फौजेत?" दम खात हरशेल म्हणाला. "घर बांधलंस, ट्रक घेतलास, शाळेत मास्तरीण झालीस. आणि माझ्या पोरीची वेळ आली तेव्हा तुला नियम आठवले?"

"तो तुझ्या पोरीशी खोटं बोलला, हरशेल."

"बोलला असेल. तू खरं बोलतेस, मग दे तिला नोकरी. आहे तुझ्याकडे?"

एवढं बोलून तो कठडा धरून पायऱ्या उतरला. हरशेलचा राग तिला आला नाही. राग आला तो याचा, की तो म्हणाला त्यातलं एक अक्षरही चूक नव्हतं.

मंगळवारी प्रुइट आला, टेबल मांडलं. रोंडा पुठ्ठ्यावर जाड पेनाने तीन प्रश्न लिहून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कामाचं नाव करारात आहे का? निघण्याआधी मन बदलता येतं हे सांगितलं का? फौज शिक्षणाला देते ते पैसे कधी आणि कोणत्या अटीवर? पोरं जमली. प्रुइटने आधी थट्टेवारी नेलं, मग हळू आवाजात म्हणाला की, मॅडम, तुम्ही स्वतः सैनिक होता, तुम्हाला हे शोभत नाही.

"सैनिक होते म्हणूनच उभी आहे," रोंडा म्हणाली. "मला ज्याने भरती केलं त्याने ट्रक म्हणून सांगितलं आणि ट्रक म्हणून लिहून दिलं. तू पोरांना तोंडाने देतोस, कागदावर मात्र काही नाही. वर पोलिसांची भीती घालतोस. सतरा वर्षांच्या पोरीला."

प्रुइटचे कान लाल झाले. मागून एका पोराने विचारलं, पोलीस खरंच येतात का, सार्जंट? त्याने टेबल आवरलं.

कॉडिलनी तिला बोलावून लेखी ताकीद दिली. सरकार देतं त्या अर्ध्या पगाराचं पुन्हा सांगितलं. पुढच्या मंगळवारी टेबलाशी प्रुइट होता आणि पुठ्ठा घेऊन रोंडाही होती. असे सात मंगळवार झाले. नाताळच्या सुट्टीनंतर प्रुइटच्या जागी दुसराच माणूस आला. तो बिचारा कुणी विचारायच्या आधीच कागद उघडून दाखवायचा. पण मार्चमध्ये रोंडाला पत्र मिळालं की, पुढच्या वर्षी तिच्या जागेची शाळेला गरज नाही.

केन्नाची सुटका झाली, पोलीस काही आले नाहीत. ती शाळा सुटल्यावर रस्त्यावरच्या स्वस्त मालाच्या दुकानात खोकी लावू लागली. दुकान आठवड्याला बारा तासांचंच काम द्यायचं. एप्रिलमध्ये ती अठरा वर्षांची झाली. त्या महिन्यात एके दिवशी रोंडाच्या घरी येऊन तिने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. साठ मैलांवरच्या गावी, भरतीच्या दुसऱ्या कार्यालयात, ती एकटीच गेली होती. दोनदा सही न करता परत आली होती. तिसऱ्यांदा त्यांनी वेल्डिंग लिहून दिलं.

"वाचा," ती म्हणाली. "काही चुकलं असेल तर सांगा."

रोंडाने दोनदा वाचलं. काम, मुदत, पैसे, सगळं जिथल्या तिथे होतं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. फसवणूक असती तर भांडता आलं असतं. चांगलं केलंस, एवढं ती म्हणाली, आणि पाठ फिरवून कॉफी ठेवायला लागली.

जूनमध्ये केन्ना निघाली. हरशेलला आता गाडी चालवणं झेपत नव्हतं, म्हणून रोंडानेच दोघांना आपल्या ट्रकमधून बसथांब्यावर नेलं. बस सुटण्याआधी पोरीने बापाला मिठी मारली. मग रोंडाचा हात दाबला, आणि मागे न बघता चढली.

परतीच्या वाटेवर हरशेलने विचारलं, "तुझी पोर असती तर तू सही केली असतीस?"

"अठराची झाली तर तिला माझी सही कशाला लागते?"

"माझी लागली होती तेव्हा. तेव्हाचं विचारतोय."

रोंडाने समोरचा कोळशाचा ट्रक जाऊ दिला. "केली असती," ती म्हणाली. "आणि ज्यांनी माझी शेड बंद केली त्यांना अजून देतेय त्याच्या दुप्पट शिव्या दिल्या असत्या."

हरशेलला हसू आलं. हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत तिला ट्रक कडेला उभा करावा लागला. तिने त्याला पाणी दिलं. तिला सोमवारपासून चाळीस मैलांवरच्या एका गॅरेजात ट्रकचे सायलेन्सर जोडायचं काम मिळालं होतं. ते तिने त्याला सांगितलं. पगार कमी होता. मालक कसा आहे, असं त्याने विचारलं. मूर्ख आहे, रोंडा म्हणाली, पण इथून पळून जाता येतं. आणि तिने ट्रक पुन्हा रस्त्यावर घेतला.