माझ्या अधिकारातली सुट्टी

ही गोष्ट माझ्या मुलालाही ठाऊक नाही. कोणालाच सांगितलेली नाही. शैला, म्हणजे माझी बायको, असती तर तिच्यापाशी कधीच बोलून मोकळा झालो असतो, पण तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा आज तुम्हीच समोर बसला आहात असं समजतो. मध्येच अडखळलो तर चहा घ्या, मी पुन्हा सुरू करीन.

मास्तरकी केलेल्या माणसाला एक टोमणा जन्मभर ऐकावा लागतो — तुम्हाला काय बुवा, सुट्ट्याच सुट्ट्या. जूनमध्ये जिल्हा परिषदेची सुट्ट्यांची यादी आली की आसपासच्या शाळांतले आमचे सहकारी तिच्यावर तुटून पडायचे. कुठला सण रविवारी आला, म्हणजे एक सुट्टी बुडाली, यावर तासभर हळहळ चालायची. मीही चेहरा पाडून हळहळायचो. आतून मात्र मला बरं वाटायचं. बुडाली तर बुडाली, एक दिवस कमी झाला.

विचित्र वाटतं ना? पण सुट्टी लागली की मला फलटणला जाऊन घराचं कुलूप काढावं लागे. शैलाशिवायच्या त्या घरात दुपार सरता सरत नसे. मुलगा पुण्याहून दिवाळीला धावती भेट देऊन जाई. उरलेली सुट्टी मी पाण्याची टाकी धुण्यात आणि शाळा कधी उघडते याची वाट बघण्यात घालवत असे. मुलं शाळेची वाट बघत नाहीत. मी बघायचो.

शाळा म्हसवडच्या पलीकडे, माळावर. चार वर्ग, आणि शिकवायला आम्ही दोघं — मी मुख्याध्यापक आणि सुजाता मॅडम. मॅडम मिरजेच्या. नवरा तिकडे एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला, पाच-सहा वर्षांची लेक ओवी सासूबाईंजवळ, आणि ह्या इथे म्हसवडात भाड्याच्या खोलीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवी उचलून मिरजेच्या एसटीला पळत, आणि सोमवारी पहाटेची गाडी धरून प्रार्थनेला हजर. येताना माझ्यासाठी डबा असायचाच. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी सासूबाईंच्या हातची धपाटी. "सर, तुम्ही लय बारीक झालाय," असं दर सोमवारी म्हणायच्या, जणू दोन दिवसांत माणूस झिजतो.

मुलीसारख्या होत्या, असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. पण मुलीशी कोणी असं वागतं का?

आता एक नियम सांगावा लागेल, त्याशिवाय माझं पाप तुमच्या ध्यानात यायचं नाही. यादीतल्या सुट्ट्यांखेरीज वर्षातून दोन सुट्ट्या मुख्याध्यापकाच्या हातात असायच्या. कधी द्यायच्या ते त्यानं ठरवायचं आणि केंद्रप्रमुखांना नुसतं कळवायचं. विचारायचं नाही, कळवायचं. त्यांतली एक आमच्याकडे म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला ठरलेली. ती न देऊन चालणारच नव्हतं. शाळा समितीचे अध्यक्ष आठवडाभर आधी येऊन म्हणायचे, "आवं गुर्जी, रथाला सुट्टी द्या म्हंजी झालं. न्हाई दिली तर बाकं शिकवत बसाल." दुसरी माझ्याजवळ उरायची.

त्या वर्षी ओवी पहिलीत गेली. तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन एका शनिवारी सकाळी ठरलं, आणि ती त्यात मोर होणार होती. मॅडमच्या किरकोळ रजा पावसाळ्यात ओवीच्या टायफॉइडमध्ये संपलेल्या. आठवडाआधी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. कधी काही मागत नसत, त्यामुळे मागायचं कसं तेही त्यांना जमेना. "सर, ती तुमच्या अधिकारातली एक सुट्टी आहे ना, ती त्या शनिवारी देता आली तर... जमत असेल तरच."

जमत होतं. एका सहीत जमत होतं.

मग मी काय केलं? — इथवर येऊन थांबावंसं वाटतं. मी म्हणालो, केंद्रप्रमुख साहेबांना विचारून बघतो. आणि मोबाइल कानाला लावून मैदानात गेलो. झेंड्याच्या खांबाभोवती फेऱ्या मारल्या. "होय साहेब... नाही साहेब... तसं नाही साहेब," असं मोठ्यानं बोललो. पलीकडे कोणीही नव्हतं. मी नंबरच लावला नव्हता. चौथीची पोरं खिडकीतून बघत होती, त्यांच्यासाठीही मी कपाळाला आठ्या घातल्या. आत येऊन मान हलवली आणि म्हणालो, "साहेब नको म्हणतात."

का? शनिवार हा माझा आवडता वार होता. सकाळची शाळा, पोरांची कवायत, मग मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून पोहे आणि मॅडमच्या ओवीच्या गमती. तो शनिवार गेला असता तर मला शुक्रवारीच फलटण गाठावं लागलं असतं. एवढंच कारण. एका म्हाताऱ्याला एक सकाळ हवी होती, म्हणून त्यानं एका लेकराची सकाळ घेतली. ह्याला दुसरं नाव देऊन बघितलं, बसत नाही.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उलट माझीच समजूत घालू लागल्या. "जाऊ द्या सर, तुम्ही तरी काय करणार. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, हेच पुष्कळ झालं." आणि त्या दिवशी डब्यातली अर्धी पोळी जास्त माझ्या ताटात आली. मी ती खाल्ली.

शनिवारी त्यांनी चारही वर्गांची कवायत घेतली, पोहे केले, आणि नेहमीच्या गाडीनं गेल्या. मिरजेत पोचल्या तेव्हा मांडव उतरत होता. सोमवारी त्यांनी मला मोबाइलवर नाच दाखवला. बाकीचे मोर गोल फिरत होते. ओवी एका जागी उभी राहून, मान उंच करकरून, समोरच्या माणसांत कोणाला तरी शोधत होती. "बघा सर, नाच सोडून लोकांतच बघत बसलीय येडी," असं म्हणून मॅडम हसल्या. मीही हसलो. सबंध नाच संपेपर्यंत हसलो.

त्यात केंद्रप्रमुखांचाही बळी गेला. माणूस इतका मवाळ, की सुट्टीचं विचारलं असतं तर म्हणाला असता, मला कशाला विचारता, देऊन टाका. पण त्यानंतर ते शाळाभेटीला आले की मॅडम चहा ठेवून एक शब्द न बोलता निघून जात. "तुमच्या मॅडमचा माझ्यावर का राग आहे हो?" असं त्यांनी एकदा मला बिचकत विचारलं. मी म्हणालो, स्वभाव असतो एकेकाचा.

आणि ती सुट्टी? मी ती पुढे कोणालाच दिली नाही. द्यायला हात उचलेना. शाळेचं वर्ष संपलं तशी ती वाया गेली.

दोन वर्षांनी मॅडमची बदली सांगली जिल्ह्यात झाली, घरापासून सायकलच्या अंतरावर. निरोपाला सगळं गाव रडलं, मीही रडलो, आणि ते रडणं खरं होतं. मला त्यांची फार माया होती, अजून आहे. त्यांच्या हातची ती चटणी अजून येते, दर दिवाळीला, कोणाबरोबर तरी. मी निवृत्त होऊन फलटणला आलो. आता मला रोजच सुट्टी आहे.

परवा त्यांचा फोन आला. मुख्याध्यापक म्हणून बढती मिळाली होती. पहिला फोन तुम्हालाच, असं म्हणाल्या. ओवी नववीत गेल्याचं सांगितलं, मी जेवतो की नाही ते विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, एक विचारायचं होतं. आमच्या शाळेत एक नवी मॅडम आहे, तिचं बाळ लहान आहे. तिच्यासाठी माझ्या अधिकारातली सुट्टी द्यावी म्हणते. केंद्रप्रमुखांना कसं विचारू? तुमच्यासारखं व्हायला नको."

बोलायची वेळ हीच होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आणि म्हणालो, "आता विचारावं लागत नाही. नुसतं कळवायचं. नियम बदललाय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. आवाजात इतका आनंद. "तेव्हा असा नियम असता, तर तुम्ही ओवीसाठी लगेच दिली असतीत."

"लगेच," मी म्हणालो.