काकूचा गुरुवार

काकूने घरात कधी गरम भाकरी खाल्ली नाही आणि घराबाहेर कधी गार भाकरी ताटात पडू दिली नाही. ज्यांच्या घरी अशी काकू होती त्यांना एवढ्यावरच पुढचं सगळं कळेल. पण मला इथे थांबता येत नाही. हे वाक्य लिहितानाही मला राग येतो आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचाच आहे.

ती माझ्या धाकट्या काकांची बायको. जेऊरकडच्या एका वस्तीवरून लग्न करून सोलापुरात, भवानी पेठेतल्या आमच्या घरात आली. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. ती आमच्यातच राहिली; खरं सांगायचं तर आमच्या शेगडीपाशी राहिली. तिने थापलेली भाकरी तव्यावर टम्म फुगायची आणि वाफेसकट वडिलांच्या, म्हणजे दादांच्या ताटात यायची. सोबत शेंगांची चटणी, त्यावर दही. दुसरी भाकरी यायला जरा उशीर झाला की दादा बाहेरून ओरडायचे, "गार झाली गं!" त्यांच्यानंतर आम्ही मुलं, मग पाहुणे. शेवटी आई आणि काकू उरलंसुरलं घेऊन बसायच्या. एखादी भाकरी थापताना चिरली, उलटताना फाटली, की काकू ती बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "फाटलेली माजी." लहानपणी मला वाटायचं, काकूला फाटलेली भाकरीच आवडते. लहानपणी तसं वाटणं ठीक होतं. पण चाळिशीपर्यंत मला तसंच वाटत राहिलं.

दर गुरुवारी सगळ्यांची जेवणं उरकली की काकू हात धुवायची, इस्त्रीची साडी नेसायची आणि "जाऊन येते" म्हणून निघायची. गुरुवार म्हणजे देवळात जात असणार, हे आम्ही आमचं ठरवून टाकलं होतं. कुठे जातेस असं कुणी विचारलंच नाही. विधवा बाई, दुसरीकडे कुठे जाणार?

मग एका नातेवाइकाने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. सात रस्त्यावरच्या एका खानावळीत, दाराजवळच्या टेबलावर काकू एकटी जेवत बसली होती. खाली लिहिलं होतं, "काय रे, घरात उपासमार सुरू आहे का?" त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत एक चेहरा माझाही होता.

संध्याकाळी घरात कचेरी भरली. थोरल्या दिराने आणि धाकट्या भावजयीने समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, म्हणून दोन हातांवर उभ्या असलेल्या काकूशी दादा आईमार्फत बोलत होते.

"ईचार की तिला, घरात काय कमी हाय?"

काकूही आईकडे बघून म्हणाली, "आक्का, सांगा दादास्नी. कमी काय न्हाय. खायला लई हाय."

"मग देवाचं नाव सांगून हॉटेलात कशाला जाती म्हणावं?"

"मी कवा देवाचं नाव घेतलं? देऊळ तुमीच काढलं." मग जरा थांबून म्हणाली, "हितं मला कुणी वाढत न्हाय, आक्का. तितं वाढत्यात."

दादांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. आम्ही बाकीचे टीव्हीकडे तोंड करून बसलो.

पुढच्या गुरुवारी आईने तिला बळेच टेबलापाशी बसवलं. "बस गं, आज मी करते." आम्ही सगळे नवरदेवाला बघावं तसे भोवती उभे राहिलो. आईने तव्यावरची भाकरी तिच्या ताटात टाकली. काकूने पहिला तुकडा मोडला, त्यातून वाफ निघाली. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून दादांचा आवाज आला, "पाणी आणा गं!" आईचे हात पिठात होते. मी रिकाम्या हाताने माठाशेजारी उभा होतो. उठली ती काकू. पाणी देऊन परत आली, भाकरीला बोट लावून बघितलं, ताटावर दुसरं ताट झाकलं आणि चपला घातल्या. "जाऊन येते." त्या दिवसापासून तिला कुणी अडवलं नाही.

जागा कसली आहे ते बघून ये, असं दादांनी बजावलं म्हणून एका गुरुवारी मी तिच्याबरोबर गेलो. खुर्चीत बसल्याबसल्या तिने डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. मी तिचे केस इतक्या जवळून प्रथमच बघत होतो. बाहेर रिक्षांची कोंडी, स्कूटीवर तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या पोरी, फायली काखेत मारून पळणारे बाबू. ती हे सगळं मन लावून बघत होती. "बघ की," मला म्हणाली, "एवढी माणसं, पर एकाचंबी माज्याकडं काम न्हाय." हे सांगताना ती इतकी खूश होती की मला खाली बघावं लागलं.

वाढप्याने भाकरी आणली. तिने ती बोटाने ढकलली. "गार हाय. बदल."

"काकू, आत्ता उतरवली."

"हात लावून सांग."

"सुनेलाबी असाच तरास देता व्हय?"

"सून न्हाय म्हून तर तुला देते."

दुसरी आली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. काकूने घास तोंडाशी नेला आणि तिथेच थांबली.

"आत कोण करतंय रं?"

"यल्लव्वा."

"जेवली का ती?"

वाढप्या हसला. "जेवती की. गिराईक सपल्यावर."

काकूने घास ताटात ठेवला आणि सरळ भटारखान्यात शिरली. गल्ल्यावरचा मालक ओरडला, "ओ काकू, आत कुटं?" आतूनच उत्तर आलं, "गिराईक हाय की मी. गिराईकाचं ऐकावं!" मी दारात जाऊन बघितलं. अक्कलकोटकडची ती यल्लव्वा तेलाच्या रिकाम्या डब्यावर अवघडून बसली होती, मांडीवर ताट होतं आणि काकू तिला भाकरी थापून वाढत होती. यल्लव्वा आधी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, "जाड झालीय, काकू."

"आयतं खाऊन वर नावं ठेवती बघ!" काकू म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की मालकही गप्प बसला.

पुढे त्यांचा तोच रिवाज झाला. आधी एकीने बसायचं, मग दुसरीने. मी मात्र टेबलावर परत येऊन माझं ताट संपवलं, आणि घरी येऊन दादांना एवढंच सांगितलं, "जागा चांगली आहे."

गेल्या हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, चार दिवसांच्या तापात काकू गेली. तेराव्याला तिच्या आवडीची म्हणून भाकरी करायची ठरली. त्या दिवशी यल्लव्वा आली. तिला फक्त मी ओळखत होतो. ती काकूच्या फोटोला हात जोडून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या परातीपुढे बसली. दादा आता थकलेत, घरातला कर्ता मी. निदान आज पहिली पंगत बायकांची, असं मी रात्रीच ठरवलं होतं. तसं बोललोही. एक चुलतमामा म्हणाले, "आरं, पद्धत आसती. पावणे खोळंबलेत. बस."

आणि मी बसलो. कुणी धरून बसवलं नव्हतं. माझी बायको वाढायला आली. ताटात पडलेल्या भाकरीतून वाफ निघत होती. उंबऱ्याशी आलेल्या यल्लव्वाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती आत गेली. तिसरी पंगत उठल्यावर मी आत डोकावलो, तर ती आणि माझी बायको ओट्याला टेकून उभ्याउभ्या फाटके तुकडे खात होत्या. यल्लव्वा तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी आलो हे बघून दोघी गप्प झाल्या.

महिना झाला असेल. दुपारी बायकोने दादांना आणि आईला वाढलं, हात धुतले, इस्त्रीची साडी नेसली. मी नुकताच दुकानातून आलो होतो.

"जाऊन येते," ती म्हणाली.

पलंगावरून दादांनी विचारलं, "कुटं निघाली ही? याला कोण वाढणार?"

त्या दिवशी गुरुवार होता. ती जिना उतरून जाईपर्यंत मी दारात उभा राहिलो. मग आत जाऊन ओट्यावरचं झाकलेलं ताट उघडलं. शेंगांची चटणी होती, कांदा होता आणि एक भाकरी होती, गार आणि मधोमध फाटलेली. ती घेऊन मी जेवायला बसलो.