आईचा उजवा हात

बाबा लवकर गेले. नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्या आणि माझं शिक्षण आईने लांब पोळ्या करून चालवलं. सैल भिजवलेली कणीक परातीत आपटायची, दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायची. लग्नसराईत ती दिवसभर धुरात उभी असे. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. हे मी ताठ मानेने सांगतो, आणि कोणाच्या हातांमुळे, तेही.

हिंगण्याला कंपनीत लागलो तेव्हा आता काम सोड म्हणून मागे लागलो. एवढा सीझन होऊ दे, म्हणाली. त्याच सीझनला एका लग्नात पोळी तिच्या हातून निसटून विस्तवात पडली. सोबतच्या बायका हसल्या. आईही हसायला गेली, तर तोंड एकाच बाजूला गेलं.

सीटी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "इस्केमिक स्ट्रोक." म्हणजे मेंदूत रक्त नेणारी नळी गुठळीने बंद पडली आणि तिच्या भरवशावरच्या पेशी मेल्या. मी बी.एस्सी. आहे, शब्द कळले. त्या पेशी परत येतील का, हे तरीही विचारलंच. "नाही," ते म्हणाले.

उजवा हात पांघरुणावर कुणी विसरून गेल्यासारखा पडला होता.

दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी न्यूरोप्लास्टिसिटी समजावून सांगितली. वाचलेल्या पेशी एकमेकींशी नव्या जोडण्या करतात आणि मेलेल्यांचं थोडंफार काम उचलतात. पण काम पडलं तरच. सारखं, कंटाळा येईपर्यंत.

आमच्याकडे आजारी माणसाला हात हलवू देत नाहीत. माहेरचं माणूस येतं आणि सेवा करतं. कन्हानहून गंगामावशी आली, आईची धाकटी बहीण. घास भरवायची, वेणी घालायची, पाण्याचा पेला ओठांना लावायची. येणारे-जाणारे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. आणि आईचा उजवा हात मांडीवर तसाच. मावशीकडून जे राहील ते डावा करायचा.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी तपासलं आणि भरवणं बंद करायला सांगितलं. उजव्या हाताची बोटं थोडी हलत होती. म्हणून जेवताना डावा हात पिशवीत घालून बांधायचा. याला कन्स्ट्रेंट थेरपी म्हणतात, चांगल्या हाताला अडवून दुबळ्याला कामाला लावणं. ज्याने त्याने मनाने करू नये. आम्हाला त्यांनी शिकवलं होतं.

मी पिशवी बांधली तशी मावशी उसळली. "काहून सतावून राहिला गा तिले? जन्मभर तुले रांधून घातलं, अन् आता तिचाच हात बांधून राहिला? हेच शिकला काय कॉलेजात?"

मी गाठ तशीच ठेवली. वरणभाताचा घास तोंडाशी येईपर्यंत लुगड्यावर सांडत होता. आईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मावशीने घास उचलून तिच्या ओठांशी नेला. आईने तोंड फिरवलं. जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाली, "मी काय लेकरू आहो काय वं, गंगे? ताट सरकव इकडे."

मावशीने ताट सरकवलं. मग भिंतीकडे तोंड करून बसली. आईचं जेवण होईपर्यंत वळली नाही. दुसऱ्या दिवशी कन्हानला निघून गेली. अजून फोनवर ती आईशीच बोलते, माझ्याशी नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर घास भरवण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे माणूस स्वतः काय करू शकतं. त्याला धडपडताना पाहणं फार कठीण जातं. मी कित्येकदा संडासात जाऊन रडलो आहे.

पोळ्यांचं काम संपलं. पोळी झेलायला लागतं तेवढं मनगट वळत नाही, आणि वळणारही नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

आज ती उजव्या हाताने जेवते. हळू जेवते, थोडं सांडतं. भरवायला कोणी लागत नाही.