फिटरबाईंनी चढावर नेलेली गाडी

फिटरबाईंचे कान सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. साधा ताप म्हणून सुरू झालेलं दुखणं महिनाभर लांबलं. औषधांनी जीव वाचवला आणि त्याच औषधांनी ऐकणं नेलं. घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांनी गॅरेजचं शटर वर ओढलं, तेव्हा त्याची करकर फक्त तळहातांना कळली.

गॅरेज दोघा भावंडांचं. वडील दुचाकींचे मिस्त्री होते आणि त्यांनी मुलगा-मुलगी असं काही न बघता दोघांना एकाच बाकावर बसवून काम शिकवलं. भाऊ इंजिन उघडण्यात वाकबगार, तर बाईंचा हात कार्ब्युरेटरवर बसलेला. गाडी दारात यायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून, पेट्रोल जास्त जातंय की हवा, ते त्या सांगायच्या. लांबलांबची माणसं त्यांच्या कानासाठी यायची. आता तो कानच राहिला नाही, म्हटल्यावर भावाने कार्ब्युरेटर आपल्याकडे घेतले आणि बहिणीकडे पंक्चर आणि ब्रेकची कामं दिली. त्यात त्याचा कावा नव्हता. बहिणीचं हसं होऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. बाईंना नेमकी तीच दया सलत होती. सात महिने त्यांनी दात आवळून ट्यूब चिकटवल्या.

मग ती नर्स तिसऱ्यांदा आली. टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर बाळंतिणींना तपासायला जाण्याचं तिचं काम, आणि चढावर अर्धी मूठ पिळली की तिची गाडी गचके खात दम टाकायची. पूर्ण पिळली तर काळा धूर ओकायची. गेल्या आठवड्यात तिला निम्मा चढ गाडी ढकलत न्यावी लागली होती, आणि ती पोहोचली तेव्हा बाळ होऊन गेलेलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण त्यात आपलं कर्तृत्व शून्य, असं ती सांगत होती.

भावाने गाडी स्टँडवर चढवली, दोनदा रेस केली आणि समाधानाने मान डोलावली. आवाज लोण्यासारखा आहे, असं त्याचं म्हणणं.

नर्स म्हणाली, "मला आवाज नको, चढ हवाय."

बाईंनी ते तिच्या ओठांवरून वाचलं. हातातला टायर त्यांनी तसाच खाली सोडला, पुढे आल्या आणि आतापर्यंत काय काय बदललं ते भावाला विचारलं. गाडी चढावर पेट्रोलला उपाशी पडते म्हणून त्याने दोन वेळा मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी जास्त रुंद भोकाची पितळी तोटी, घातला होता. ते कळताच बाईंनी सरळ पाना उचलला.

"ताई," भाऊ म्हणाला, "ज्याला ऐकू येत नाही, त्याने कार्ब्युरेटरला हात लावू नये."

बहिणीला समजावं म्हणून तो एकेक शब्द सुटा करून बोलला, त्यामुळे त्यातला एकही निसटला नाही. गॅरेजमधली दोन गिऱ्हाइकं जमिनीकडे बघू लागली.

"स्टँडवरची गाडी ओझं ओढत नाही," बाई म्हणाल्या. आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नव्हतं, आणि त्याची पर्वाही नव्हती. "तिचा आवाज ऐकून तुला तरी काय कळलं? तीन खेपा झाल्या."

त्यांनी मुठीवर चिकटपट्टीचे तुकडे लावून पाव, अर्धी आणि पूर्ण अशा खुणा केल्या, पाना, आधीचा लहान जेट आणि चार कोरे प्लग खिशात टाकले आणि गाडीवर बसल्या. मागून आलेला हॉर्न तुला ऐकू येणार नाही, म्हणून भाऊ आडवा आला. बाईंनी नर्सला मागे बसायला सांगितलं: मागून वाहन आलं की उजव्या खांद्यावर थाप मारायची. नर्सने क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि पदर खोचून बसली.

चढाच्या पायथ्याशी बाईंनी पहिला कोरा प्लग लावला, चढावर मूठ पूर्ण पिळून तशीच धरून ठेवली, मग एकाच झटक्यात क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली. प्लग काढून बघितला तर चुलीच्या बुडासारखा काळा. म्हणजे पूर्ण मुठीला पेट्रोल नको तितकं जात होतं. दुसरा कोरा प्लग लावून तोच चढ त्यांनी अर्ध्या खुणेवर केला. या वेळी खांद्यावर थाप पडली, त्यांनी कड धरली आणि एक ट्रक शेजारून गेला. हा प्लग निघाला पांढराफटक, म्हणजे अर्ध्या मुठीला पेट्रोल कमी पडत होतं.

तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी नर्सला समजावलं. मोठ्या जेटचा अंमल मूठ पूर्ण पिळल्यावर. अधल्यामधल्या मुठीचा कारभार आतल्या निमुळत्या सुईकडे. भावाने उपाशी अर्ध्याचा घास भरल्या पोटाच्या पूर्णाला भरवला होता. त्यांनी आधीचा लहान जेट परत बसवला. मग सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई तेवढी वर राहते आणि मधल्या मुठीला पेट्रोल वाढतं. हात ओळखीच्या वाटेने चालत होते. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना आपण आजारी आहोत असं वाटलं नाही.

उरलेले दोन प्लग त्यांनी पुन्हा त्याच चढावर, एक पूर्ण आणि एक अर्ध्या मुठीने, वापरले. दोन्ही भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे निघाले, म्हणजे माप जुळलं होतं. गाडी कुठे अडखळली नव्हती. ते तर त्यांच्या मांड्यांना आणि तळव्यांनाच कळलं होतं. गॅरेजकडे न वळता नर्सने त्यांना थेट टेकडीपलीकडे नेऊन आणलं.

गॅरेजमध्ये येऊन बाईंनी चारही प्लग भावासमोर बाकावर ओळीने ठेवले. तो बराच वेळ ते उलटसुलट करून बघत राहिला. दुपारी कार्ब्युरेटरची तक्रार घेऊन एक जण आला, तेव्हा त्याने बोटाने बहिणीचा बाक दाखवला.

बाईंनी दारावर पाटी लावली: "मला ऐकू येत नाही. तक्रार वहीत लिहा. गाडी चढावर बघितली जाईल." काही जण वही बघून परत फिरले. त्यांना बाईंनी एकदाही हाक मारली नाही. एकाने वहीत तक्रारीऐवजी प्रश्न लिहिला: "ऐकू येणारं कोणी नाही का इथे?"

बाईंनी खाली लिहिलं, "आहे. तो पंक्चर काढतोय. बोलावू?"

डोकावून ते वाचताच भावाने पाठ फिरवली, पण त्याला आलेलं हसू त्यांना हलणाऱ्या खांद्यांवरून दिसलं. त्या माणसाने वही पुन्हा ओढली आणि आपल्या गाडीचं दुखणं पानभर लिहून काढलं.