शंकरभाऊंची वांगी आणि माझं बायलॉजी

शेलूबाजारच्या ज्युनिअर कॉलेजात बायलॉजी शिकवायचं आणि भाजीवाल्या शेतकऱ्याच्या घरी भाड्यानं राहायचं, म्हणजे किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपोआप पायात येतात. माझे बहुतेक किस्से घरमालक शंकरभाऊ आणि वहिनींचे आहेत, आणि बहुतेकांत फजिती माझीच झालेली आहे.

*

एकदा अंगणात चहा पिताना मी भाऊंना सांगत होतो, झाड मोटरपंपाशिवाय पाणी वर कसं नेतं. पानांतून वाफ उडते, आणि त्या ओढीनं मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची सलग धार वर खेचली जाते. भाऊंनी दारातल्या कडुलिंबाकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे याले लोडशेडिंग नाही!"

*

मग वॉटर पोटेन्शिअलचा धडा आला. तयारी मी घरी मोठ्यानं बोलून करतो. जिकडे मीठ, साखर, खत जास्त विरघळलेलं, तिकडे पाणी ओढलं जातं, असं मी भिंतीला समजावत होतो. वहिनी तिथंच लिंबाच्या फोडींना मीठ चोळत बसल्या होत्या.

"मीठ लावलं का फोडीले पाणी सुटते," त्या म्हणाल्या. "एवढं सांगाचा पगार देतेत तुमाले?"

*

प्रॅक्टिकलला बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, अर्ध्या साध्या पाण्यात, अर्ध्या मिठाच्या. साध्यातल्या ताठ होतात, मिठातल्या लुळ्या पडतात, हे पोरांना तासाभरानं दाखवायचं होतं. तासाभरानं येतो तर दोन्ही भांडी रिकामी. आमच्या शिपायानं भजी तळून स्टाफरूममध्ये मांडलीसुद्धा होती! मी भडकलो. तो मात्र शांत.

"रिझल्ट आमी चाखून पाह्यला, सर. मिठातल्या बेस हायेत."

*

यंदा भाऊंच्या पोरीचं, शारदाचं, लग्न ठरलं. या घरच्या पंगतीत वांग्याची भाजी स्वतःच्या वावरातलीच लागते. बाजारची वांगी आणली तर भाऊंना सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. म्हणून लग्नाच्या पंधरा दिवस आधी भाऊंनी प्रेमापोटी प्रत्येक झाडाच्या बुडाशी मूठभर युरिया टाकला. दुसऱ्या दिवशी जमीन ओली, आणि झाडं माना टाकून! भाऊ डोक्याला हात लावून बसले. मी वाकून पानं तपासत होतो, तोवर वहिनींना बुडाशी उरलेले पांढरे दाणे दिसले.

"तुमी तं वावरातच लोणचं घातलं."

यापुढे मला शिकवायला काही उरलंच नाही. दाणे वेचले, भरपूर पाणी सोडून खत धुऊन काढलं, आणि चार-पाच दिवसांत झाडं सावरली.

*

लग्नाला पाच दिवस उरले आणि भर दुपारी वांगी पुन्हा कोमेजली. भाऊ मोटर चालू करायला धावले. मी आडवा आलो. म्हटलं, जमीन ओली आहे. उन्हात पानं पाणी उडवतात त्या वेगानं मुळं पुरवू शकत नाहीत, एवढंच. आणखी पाणी दिलं तर मुळं गुदमरतील. ऊन उतरू द्या, झाडं आपोआप उभी होतील. भाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या बाभळीखाली जाऊन बसले.

तीन वाजले. चार वाजले. झाडं तशीच. शारदाची पंगत माझ्या एका शब्दावर थांबली होती, आणि खरं सांगतो, मी जाम घाबरलो. मुकाट विहिरीवर गेलो, बादली भरली आणि मागच्या बाजूनं वांग्यात शिरलो. भाऊंनी पाहिलंच.

"पोरगी माही, वांगी माही," ते म्हणाले. "मंग घाम तुमाले काहून फुटून राह्यला, सर? बसा."

मी बादलीसकट त्यांच्या शेजारी बसलो. सहाच्या सुमारास धुऱ्याजवळच्या झाडाचं एक पान उचललं, मग शेजारच्याचं. दिवस मावळेपर्यंत अख्खी ओळ ताठ उभी होती. भाऊ उठले, घामानं चिंब झालेला सदरा काढला, माझ्यापुढची बादली उचलली आणि सगळी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली.