कंडक्टरभाऊंचे नेचे

"आत सरका, आत सरका, जागा हाय." ऐकणाऱ्याला वाटावं, गल्लीत एसटी उभी आहे. पण हिंगोलीतले आमचे शेजारी कंडक्टरभाऊ रिटायर झाले तरी हे म्हणायचेच, अन् म्हणायचे कुंड्यांना. भिंतीची सावली हलली की ते कुंड्या सरकवायचे. मी म्हणायची, "भाऊ, तिकीट तरी फाडा त्यांचं." ते म्हणायचे, "वैनी, हे पासवाले हायेत."

कुंड्यांत नेचे होते, म्हणजे फर्न. तुम्ही जुन्या विहिरीच्या कपारीत पाहिले असतील ना, तसेच, पण रंगीत. एकाची कोवळी पानं तांब्यासारखी, एकाचं पान रुपेरी अन् मधली शीर जांभळी. घरामागच्या बोळीत, जिथं तुळससुद्धा धरत नव्हती, तिथं ते माजले. मोठी चिवट झाडं, फक्त ऊन अंगावर नको. लावले होते त्यांच्या लेकीनं, शेतकी कॉलेजात असताना.

पुढं तिनं आपल्या मनानं, दुसऱ्या जातीत लग्न केलं. भाऊंनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. बायको आधीच गेलेली. तेव्हापासून लेक दर रविवारी फोन करायची अन् एवढंच विचारायची, "नेचे कसे आहेत?" भाऊ म्हणायचे, "बरे हायेत." झालं, फोन बंद. बाप कसा आहे, हे नाही. भाऊही मानी, तेही काही विचारायचे नाहीत. पण रविवारी सकाळपासून फोन हातात.

यंदा बोळीपलीकडच्या शेजाऱ्यानं बांधकामासाठी आपलं टिनाचं शेड काढलं अन् ऐन मे महिन्यात बोळीत ऊन उतरलं. भाऊंनी बायकोची लुगडी वर बांधली, ओली पोती टाकली, दुपारभर स्वतः छत्री धरून उभे राहिले. चक्कर येऊन पडाल म्हणून मी रागावले.

"हे गेले तं ती फोन काहून करंल, वैनी?"

मग पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसले. आपल्याकडच्या माणसाला ठिपका म्हटलं की हळदीवरचा करपा रोगच आठवतो. त्यांनी हळदीवर मारायचं औषध आणलं, चांगलं कडक कालवलं अन् भर दुपारी फवारलं. रविवार यायच्या आत सगळी पानं कागदासारखी वाळली.

फोन वाजला तेव्हा भाऊंनी तो माझ्या हातात कोंबला. "तुमीच बोला. माझ्यानं न्हाई होत."

मी तिला ठिपके, औषध, सगळं सांगितलं. ती मग हळूच म्हणाली, तो रोग नव्हता काकू, नेच्याचं बी तिथंच असतं.

मी म्हटलं, "झाडं गेली, बाई. बाप हाय अजून."

तिनं विचारलं मग, "जेवतात का ते?" मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद.

बियांचं मी भाऊंना सांगितलं नाही. जेवणाचं तेवढं सांगितलं. म्हटलं, तुमीच फोन लावा की परत.

"उचलला न्हाई तं?" म्हणाले अन् आत गेले. ताटात भाकर अन् ठेचा घेऊन आले, वाळल्या कुंड्यांपाशी उन्हातच बसले, फोन मांडीवर. एकेक घास चावत राहिले. सावलीत तरी बसा, म्हटलं, तर मान न वळवता म्हणाले,

"वाजला तं खोटं बोलायची पाळी नको, वैनी. जेवून राहिलो, म्हणतो."