पम्याने पाळलेला शब्द

पम्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत होते. फोन ठेवला आणि उरलेले वाल सोलून टाकले. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही... प्रमोद, माझा धाकटा भाऊ. पन्नाशीही गाठली नाही. लिव्हर निकामी झालं होतं.

पम्याला लहानपणापासून साधं काही चालत नसे. जिना उतरायचा तर कठड्यावरून घसरत. वडील गिरणी बंद पडल्यावर बोरीवलीत वॉचमन होते. ते म्हणायचे, "याला शांत बसवायचं औषध कुठे मिळतं का बघा." मोठेपणी त्याने गोरेगावच्या स्टुडिओत स्टंटचं काम धरलं. हिरोच्या नावाने तिसऱ्या मजल्यावरून उडी हा मारायचा. खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचतात, ती तो दुसऱ्या कुणाला रचू देत नसे. उडीच्या आदल्या दिवसापासून दारूला शिवायचा नाही. प्यायचा तो काम नसेल तेव्हा, आणि मग दारू, गोळ्या, समोर येईल ते. "कंटाळा आला ना ताई, की अंगात मुंग्या चालतात," म्हणायचा. मी ते हसण्यावारी नेलं.

एका उडीत त्याची मांडी मोडली. आईवडील नव्हते, लग्न त्याने केलं नव्हतं, त्यामुळे सगळे निर्णय माझ्याकडे, आणि मला निर्णय घ्यायची हौसही दांडगी. तो चालू लागताच मी त्याला मालवणजवळच्या आमच्या गावी देवळात नेलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे गावचे मानकरी, देवापुढे मोठ्याने मागणं मांडतात आणि जमलेली माणसं होकार भरतात. पम्याचा हात नारळावर ठेवून गावकर म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्यो आजपासून उंचार चढाचो नाय असो शबूद देता हा, तेका सांभाळ रे म्हाराजा." मागून आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा." दारूचं नाव काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या लेखी धोका होता तो उंचीचा.

शब्द त्याने पाळला. माळ्यावरचा डबा काढायलाही स्टुलावर चढत नसे. माझ्या दिराच्या झेरॉक्सच्या दुकानात मी त्याला बसवलं आणि सहा महिन्यांत तो सकाळपासून पिऊ लागला. मला वाटलं, संगत वाईट. संगत कसली, दुकानात तो आणि मशीन.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "यांना साधा दिवस सोसत नाही, काकू. असा स्वभाव असला म्हणजे माणूस व्यसनी होतोच असं नाही, पण लवकर ओढला जातो. जीव लावून करता येईल असं काहीतरी यांच्या हाती हवं. तुम्ही सगळंच काढून घेतलंत." मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

तिथून तो सुधारून आला. नॅशनल पार्कजवळ कुणीतरी दोर लावून कातळ चढायला शिकवतात, तिथे जाऊन खाली उभा राहून बघायचा. एका दुपारी म्हणाला, "ताई, दोर बांधलेला असतो गं. पडलो तरी लटकतो फक्त. गाऱ्हाणं तू घातलंयस, तूच मागे घे ना. गावाला जाऊ या."

"मे महिन्यात बघू," मी म्हटलं.

मे महिना आला. मी सांगितलं, गुडघे दुखतायत. गुडघे दुखत होते हे खरं, पण त्यासाठी नाही थांबले. दुकानातल्या खुर्चीत बसलेला पम्या मला डोळ्यांसमोर हवा होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. गणपतीपर्यंत बाटली परत आली होती, आणि दिवाळीनंतर तो गेला.

गेल्या आठवड्यात एकटीच गावाला जाऊन आले. देवळात सात-आठ माणसं होती. गावकर थकलेत, त्यांनी मला ओळखलं नाही. नारळ हातात घेऊन म्हणाले, "कोणाच्या नावान घालू?"

"माझ्या," मी म्हटलं. "सांगा, भाव शबूद मोडूक तयार नव्हतो, आणि भैण तेका सोडूक भियाली."

त्यांनी ते जसंच्या तसं देवाला सांगितलं. मागे उभ्या असलेल्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नेहमीच्या सवयीने ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."